हळू आवाजातली साक्ष

दक्षिण महाराष्ट्र हॉर्न उत्पादक संघाच्या गुप्त बैठकीला नेहमीप्रमाणे सगळं उद्यमनगर हजर होतं. म्हणजे सभागृहात फक्त सदस्य होते. बाकीचे आपापल्या दुकानात, लेथवर, चहाच्या टपरीवर बसून ऐकत होते. आयुष्यभर हॉर्न बनवायचे, प्रत्येक हॉर्न डब्यात भरण्याआधी कानाशी धरून वाजवून बघायचा, आणि तोही मालकाने स्वतः, कारण दुसऱ्याच्या कानावर भरवसा नाही, असं तीस-चाळीस वर्षं केल्यावर सदस्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं. त्यामुळे संघात कुजबुज ही चीजच नव्हती. "हे आपल्यातच राहू दे" हे वाक्यसुद्धा चौकापर्यंत जायचं.

संघाचे रिवाजही त्याला साजेसे होते. कुणी सदस्य वारला तर शोकसभेत एक मिनिट शांतता पाळत नसत. शांतता सदस्यांना रोजचीच होती. ते एक मिनिट हॉर्न वाजवत, वारलेल्याच्याच कारखान्याचा. आणि अध्यक्ष मतदानाने निवडत नसत. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल तो अध्यक्ष. गेली कित्येक वर्षं तो मान भूपाल मगदूम यांच्याकडे होता. सगळे त्यांना आण्णा म्हणत. सत्तरीला टेकलेले, अंगाने किरकोळ, पण बोलायला लागले की खिडकीच्या काचा त्यांना अनुमोदन द्यायच्या.

त्या दिवशी संघाचे सचिव इरफान शिकलगार यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत सरकारी मसुदा लिहिला. इरफान चाळिशीचे, म्हणजे संघातले सगळ्यात लहान, आणि म्हणून सगळ्यात कमी बहिरे. मसुदा एका ओळीचा होता: येत्या एप्रिलपासून कोणत्याही नव्या वाहनाला उघडा हॉर्न बसवता येणार नाही. फक्त शलाका.

शलाका काय असते हे सदस्यांना पाठ होतं, शत्रूची कुंडली पाठ असावी तसं. आवाज बल्बच्या उजेडासारखा पसरतो. कोपऱ्यात वाजवला तरी खोलीभर होतो. कारण ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरी लांब असतात, कधी हातभर, कधी पुरुषभर, आणि तेवढ्या लांब लहरींना एका दिशेला धरून ठेवायचं तर भोंगा घराएवढा लागेल. पण माणसाला ऐकूच येणार नाहीत इतक्या बारीक आवाजाच्या लहरी तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. त्या तळहाताएवढ्या चकतीतूनही टॉर्चच्या झोतासारख्या सरळ जातात. शलाका बनवणाऱ्यांनी या लहरींच्या पाठीवर बोलणं बसवलं. झोत पुरेसा जोरदार असला की हवा त्याला जसाच्या तसा जाऊ देत नाही. जाता जाता त्याची मोडतोड करते, आणि त्या मोडतोडीतून मूळ बोलणं पुन्हा बाहेर पडतं. म्हणजे आवाज यंत्रातून येत नाही, वाटेतल्या हवेतच जन्मतो. झोतात ज्याचं डोकं असेल त्याला कानाशी कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं. शेजारी उभ्या माणसाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

गाड्या आता आपल्या आपण चालत होत्या. कुणी आडवं आलं की गाडी त्याच्या डोक्यावर शलाका धरायची आणि सांगायची, "कृपया डावीकडे व्हा." पुण्यातल्या चाचणीत एक गृहस्थ डावीकडे झाले आणि पुढचं काही कुणी सांगितलं नाही म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहिले, अशी बातमी फिरत होती. ती संघानेच सोडली होती.

"हरकत काय घ्यायची ते ठरवा," इरफान ओरडले.

"म्हशींना मराठी कळत नाही," ट्रकचे हॉर्न बनवणारे तवनाप्पा चौगुले म्हणाले. "डावीकडे व्हा म्हटल्यावर म्हैस होणार आहे काय?"

"म्हशी हरकत नोंदवत नाहीत, अप्पा."

तेव्हा आण्णा उभे राहिले. "बहिऱ्या माणसाचं काय? उघडा हॉर्न त्याला ऐकू येत नसला तरी छातीत जाणवतो. ही शलाका म्हणजे कुजबुज. आम्हाला बायकोची हाक ऐकू येत नाही, हवेची कुजबुज काय ऐकू येणार? म्हातारी माणसं मरतील रस्त्यात. आणि पुरावा म्हणून आपण सगळे आहोतच."

मुद्दा बिनतोड होता. बहिरेपणाचा असा संघटित साठा राज्यात दुसरीकडे कुठे नव्हता. हरकत घेणाऱ्याला कंपनीने नमुन्याची एक शलाका द्यायची, अशी नियमात सोयच होती, आणि ती संघाला मिळाली होती. आण्णांनी ती घरी न्यायची, ऐकू येत नाही याची खात्री करायची आणि चार तारखेला पुण्यात समितीपुढे साक्ष द्यायची, असं ठरलं.

"आण्णा, चार न्हवं, चौदा," टपरीवरून चहावाल्याने सांगितलं. इरफाननी फळ्यावरची तारीख दुरुस्त केली.

आण्णा दिवस मावळायच्या आत जेवत, त्यामुळे बैठकीवरून आल्यावर चाचणी जेवतानाच झाली. पद्मावतींनी शलाका स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली, तिचं तोंड नवऱ्याच्या डोक्याकडे केलं आणि हातातल्या छोट्या माइककडे संशयाने बघितलं. वीस वर्षं त्या या माणसाशी ओरडून बोलत होत्या. ओरडून जे बोलता येतं तेवढंच बोलत होत्या, म्हणजे जेवा, पाणी गेलं, फोन आलाय, आणि दार लावा.

आण्णांच्या कानात नेमकं काय मोडलं होतं ते डॉक्टरांनी एकदा कागदावर लिहून दिलं होतं. कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात गवतासारखे केस. उंच सुरांचे केस हॉर्नांनी झोपवले होते. त्यामुळे आ, ई, ओ पोचायचे. स, त, क, फ वाटेत गळायचे. ओरडल्यावर आ, ई, ओ मोठे व्हायचे, पण गळालेलं गळालेलंच. कानातलं मशीन लावलं की पंखा, भांडी आणि शेजारच्यांचा मिक्सर आधी ऐकू यायचा, बायको नंतर. ते मशीन गेली दहा वर्षं कपाटात आराम करत होतं. शलाकेत यातलं काही मध्ये येणार नव्हतं. ती भिंतींना विचारत नव्हती, आणि गळणारी अक्षरंच ती जास्त उजळून पाठवत होती. पण हे आण्णांना अजून माहीत नव्हतं. ते ऐकू न येण्याच्या तयारीने भाकरी खात बसले होते.

"आमटीत मीठ कमी झालंय," पद्मावती माइकमध्ये हळूच म्हणाल्या. "गपचूप खावा."

आण्णांनी घास ताटात ठेवला. आधी फळीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"तुझा आवाज बसलाय," ते शेवटी म्हणाले.

"बसलाय कुठं? असाच आहे."

वीस वर्षांत आण्णांनी तिचा फक्त वरचा आवाज ऐकला होता. खालचा, थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी हसू दाबल्यासारखा होणारा, असा एक आवाज घरात इतकी वर्षं राहत होता आणि त्यांची त्याच्याशी गाठ पडली नव्हती.

"अजून काहीतरी बोल," ते म्हणाले.

ही चूक होती. पद्मावतींकडे वीस वर्षांची थकबाकी होती. पहिले काही दिवस त्यांनी ती हप्त्याहप्त्याने वसूल केली. तुम्ही माझ्या भावाच्या वास्तुशांतीला काय म्हणालात. निळी साडी वाईट दिसते असं म्हणालात ती निळी नव्हतीच. आण्णा प्रत्येक आरोप मान हलवून कबूल करत. खरं म्हणजे त्यांना भांडण ऐकू येण्याचंच इतकं अप्रूप होतं, की एखादा दिवस तक्रार आली नाही तर ते स्वतःच विचारत, "आज काही नाही?"

संध्याकाळी दोघं फिरायला जात. शलाका पद्मावतींच्या पिशवीतून बाहेर डोकावायची. अडचण एकच होती, आण्णा मध्येच वाकले की झोत पुढे जायचा. एकदा ते चपलेचा अंगठा नीट करायला वाकले आणि पद्मावतींचं वाक्य थेट कोथिंबीरवाल्याच्या डोक्यात गेलं.

"मावशी," तो दचकून म्हणाला, "मी घोरत नाही ओ."

शिवाय कुत्री. माणसाला न ऐकू येणारी ती बारीक लहर कुत्र्यांना अंधुक ऐकू येते. त्यामुळे गल्लीतली चार-पाच कुत्री अदबीने त्यांच्या मागून चालायची, एखादं मोठं गुपित कळणार असल्यासारखी.

एका सकाळी शलाका चुकून चालूच राहिली होती. आण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि दारातून येणारा झोत नेमका त्यांच्या कानावर होता. स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज. आणि त्याच्यावर गाणं. जुनं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ती म्हणायची तेच.

आण्णा पेपर घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"परत कधीपासून म्हणायला लागलीस?"

"काय?"

"गाणं. सोडलं होतंस ना."

पद्मावतींनी पिठाचे हात झटकले, माइक जवळ ओढला. "सोडलं कुठं? रोज म्हणते की."

आण्णा तिथेच खाली पाटावर बसले. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, की हिने गाणं सोडलं. का सोडलं, त्याची कारणंही त्यांनी मनाशी जुळवून ठेवली होती, आणि सगळ्या कारणांत ते स्वतः होते. विचारावं असं कितीदा वाटलं. पण असला प्रश्न घसा ताणून विचारायचा, तिने उत्तर घसा ताणून द्यायचं, आणि टपरीवरून चहावाल्याने त्यात आपलं मत घालायचं. राहूनच गेलं.

"बाकी काही नाही," ते म्हणाले. "तू म्हण पुढचं."

त्यानंतर मगदूमांच्या घरातून आवाज येणं बंद झालं, कारण आण्णाही आता नुसते ऐकत बसत. ही गोष्ट उद्यमनगरच्या लगेच लक्षात आली. वीस वर्षं सगळ्यांना तिथली आमटी कशी झाली ते कळत होतं, आणि आता आठ-दहा दिवस काहीच नाही. फोन आला का, पाणी गेलं का, पत्ता नाही. निष्कर्ष एकच निघत होता. नवरा-बायकोने बोलणं टाकलंय. साक्ष तोंडावर आली असताना अध्यक्षांचा संसार मोडणं संघाला परवडणारं नव्हतं. कार्यकारिणीने तातडीची गुप्त बैठक घेतली आणि समेटासाठी शिष्टमंडळ नेमलं.

शिष्टमंडळ केळीचा घड घेऊन आलं.

"वहिनी," तवनाप्पा अंगणातूनच म्हणाले, "आण्णांनी काय केलं असेल ते पोटात घाला. माणूस मनाने चांगला आहे."

"अप्पा, मी काय केलं?" आण्णा म्हणाले.

"तेच विचारतोय. मोकळेपणाने सांगा. आपल्यातच राहील," तवनाप्पा म्हणाले, आणि समोरच्या गच्चीवर तिघंजण ऐकायला येऊन उभे राहिले.

लपवण्यात अर्थ नव्हता. आण्णांनी शलाका फळीवरून उतरवली, टेबलावर ठेवली आणि सांगितलं की आपल्याला ऐकू येतं, हिचं गाणंसुद्धा. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण होतं.

तवनाप्पा आत आले आणि झोतासमोर खुर्चीत बसले. पद्मावतींनी माइक घेतला. "अप्पा, केळी कच्ची आहेत," त्या हळूच म्हणाल्या. तवनाप्पांनी मान वळवून घडाकडे बघितलं, मग पुन्हा पद्मावतींकडे.

"हे दोन दिवस माझ्या घरी मिळेल काय?" त्यांनी विचारलं. "आमच्या हिला काहीतरी सांगायचंय बहुतेक. मला नुसतं तोंड हलताना दिसतंय गेली पाच वर्षं."

"अप्पा, थांबा," इरफान म्हणाले. ते दारातच उभे होते, आत आले नव्हते. "आण्णा, माझ्या शेडमध्ये पस्तीस माणसं आहेत. तुमच्याकडे वीस. तुम्ही समितीपुढे ऐकू येतं म्हणालात की एप्रिलमध्ये सगळी शेड बंद. त्यांना काय सांगू, आमच्या आण्णांना वहिनींचं गाणं ऐकू आलं म्हणून तुम्ही घरी बसा?"

जिथे उत्तर नसतं तिथे हॉर्नवाला स्क्रूड्रायव्हर काढतो. बोलता बोलता तवनाप्पांनी शलाका उघडलीसुद्धा होती. नमुना उघडू नये असं तिच्यावर लिहिलं होतं, पण ते बारीक अक्षरांत. आत ओळीने बसवलेले वाटाण्याएवढे डबे होते. प्रत्येकात पत्र्याचा पातळ पडदा, त्याला चिकटवलेली एक चकती. वीज दिली की चकती थरथरते आणि पडद्याला हलवते.

"पडदा तर आपलाच आहे की," तवनाप्पा म्हणाले. "नुसता बारका केलाय." त्यांनी शलाका परत जोडली. दोन स्क्रू उरले. यंत्र चालत होतं, म्हणून कुणी तो विषय वाढवला नाही.

पाहुणे गेल्यावर पद्मावतींनी माइक घेतला.

"उद्या काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. पण माझ्यासाठी म्हणून त्या पोरांच्या शेडला कुलूप लावू नका. मी ओरडीन की परत. सवय आहे."

आण्णांना प्रत्येक अक्षर ऐकू आलं. रात्रभर त्यांना झोप लागली नाही, आणि यात घोरण्याचा प्रश्न मिटला एवढाच काय तो फायदा झाला.

पुण्यातल्या सुनावणीला एका बाजूला संघ बसला होता, दुसऱ्या बाजूला शलाका बनवणाऱ्या कंपनीच्या तरुण अभियंता अन्विता खोपकर. समितीच्या अध्यक्षा दामले बाई मध्ये. त्यांच्यासमोर संघाची हरकत होती आणि कपाळावर आठी, कारण बहिऱ्या साक्षीदाराला प्रत्येक प्रश्न ओरडून विचारायचा होता. इरफाननी लिहून दिलेलं भाषण आण्णांच्या खिशात होतं. आण्णांनी ते काढलं, उलगडलं, इरफानकडे एकदा बघितलं आणि परत घडी घातली.

"बाई," ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेने कानांवर हात ठेवले. "आमची हरकत अशी होती, की बहिऱ्याला शलाका ऐकू येत नाही. हरकत खोटी आहे. मला ऐकू येते."

इरफाननी डोळे मिटले. खोपकर बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. आपला मुद्दा विरोधी पक्षाने मांडल्यावर पुढे काय करतात हे त्यांना शिकवलेलं नव्हतं.

"मग तुम्ही आलात कशाला?" दामले बाईंनी विचारलं.

"संघाच्या वतीने मागणी करायला. गाडीची शलाका ह्यांनी बनवावी. पण घरातली, बहिऱ्या माणसासाठीची, कुणीच बनवत नाही. ती आम्हाला बनवू द्या. ह्यांनी त्याची विद्या आम्हाला द्यावी आणि सरकारने शिकायला दोन वर्षं द्यावीत, तोवर उघडा हॉर्न बंद करू नये. पडदे ठोकणं आमच्या हातातलं आहे."

"तुम्हालाच का?"

"बाई, या भागातले निम्मे बहिरे आम्हीच तयार केलेत," आण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं घालवली त्यात. ही बाजारपेठ आमची आहे."

सभागृहात कुणीतरी हसू दाबलं. ते खोपकर बाईंनी दाबलं होतं. "घरात वापरायचं आम्हाला सुचलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आम्ही फक्त रस्त्याचा विचार केला. द्यायला हरकत नाही. पण ऐकू येतं हे नोंदीसाठी दाखवायला लागेल." त्यांनी नमुना हातात घेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. "आणि हा उघडलाय कुणी?"

"पुढे चला," दामले बाई म्हणाल्या.

शलाका समोरच्या टेबलावर ठेवली, आण्णांच्या डोक्याकडे तोंड करून, आणि पद्मावती लांब वायरचा माइक घेऊन सभागृहाच्या पार मागच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. एक कारकून त्यांच्या तोंडाशी कान नेऊन उभा राहिला, त्या काय बोलतात ते लिहून घ्यायला. आण्णा त्यांच्याकडे पाठ करून बसले, म्हणजे ओठ वाचले असं कुणी म्हणायला नको.

"इथले पंखे पुसायला झालेत," आण्णा म्हणाले. कारकुनाने मान डोलावली.

"समोरच्या साहेबांच्या शर्टाचं एक बटण वेगळं आहे." साहेबांनी खाली बघितलं. होतं.

"यांना सांगा, चहा द्या, माणसं पहाटे निघालीत." कारकुनाने कागद दाखवला. शब्दन् शब्द बरोबर.

"पुरे," दामले बाई म्हणाल्या. कारकून वही मिटून परत निघाला. खोपकर बाई यंत्र आणायला उठल्या. यंत्र आता कंपनीकडे जायचं होतं. इरफानही उठले होते. पद्मावतींच्या जवळ ऐकणारा आता कुणी नव्हता. पद्मावतींनी माइक ओठांजवळ आणला आणि अजून काहीतरी म्हणाल्या. फार मोठं नसावं. एखादं वाक्य.

आण्णा हलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

"आता काय म्हणाल्या त्या?" दामले बाईंनी विचारलं.

आण्णांनी इरफानकडे बघितलं. पस्तीस माणसं, वीस माणसं, तवनाप्पांच्या घरातलं हलणारं तोंड, सगळं त्या उत्तरावर टांगलेलं होतं, हे त्यांना कळत होतं. ऐकलेलं सांगितलं असतं तर साक्ष पुरी झाली असती.

"ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले, की दामले बाईंना पुढे वाकावं लागलं. आण्णा मगदूम हळू बोलू शकतात हे संघाला त्या दिवशी कळलं.

दामले बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग मागे पद्मावतींकडे, ज्या अतिशय लक्ष देऊन माइकची वायर गुंडाळत होत्या. मग त्यांनी लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली. "साक्षीदाराला शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. म्हणजे घरगुती वापरासाठी उपकरणात सुधारणा आवश्यक आहे. ही सुधारणा आणि निर्मिती हॉर्न उत्पादक संघाच्या कारखान्यांकडे द्यावी, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असावी, आणि चाचणीसाठी हा नमुना तोवर साक्षीदाराच्या घरीच राहावा, अशी शिफारस."

"पण मॅडम," खोपकर बाई यंत्र हातात धरून म्हणाल्या, "त्यांना ऐकू आलंय. त्यांचे कान बघा की, लाल झालेत."

"कानांचा रंग नोंदीत घेत नाहीत," दामले बाई म्हणाल्या, आणि पुढच्या हरकतीचा कागद उचलला.